विचारा तर खरं : झाकली मूठ नाही, उघडं पिनबॉल

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो की आमच्या हॉलमध्ये सध्या सोफ्यासमोर टीपॉय नाहीये, घरी बनवलेलं आरपार दिसणारं पिनबॉल मशीन उभं आहे आणि त्यामुळे पाहुण्यांचा चहा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावा लागतो. झालं. त्यावर एवढ्या मेल आणि पोस्टकार्डं आली (हो, अजून पोस्टकार्ड पाठवणारे वाचक आहेत, तीनच, पण आहेत) की मिक्सर आणि इन्व्हर्टरचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत. मिक्सरवाल्यांनी रागावू नये, पुढच्या महिन्यात तुमचाच नंबर.

ज्यांनी पिनबॉल फक्त सायबर कॅफेत विंडोज एक्सपीवर खेळलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: उतरतं टेबल, त्यावर स्टीलचा बॉल, खाली दोन फ्लिपर म्हणजे पाती, बटण दाबलं की पाती उडतात आणि बॉल वर जातो, वर बंपर, टार्गेट, रॅम्प, जिथे आपटेल तसे पॉइंट. बाजारातल्या मशीनमध्ये हे सगळं प्लायवुडच्या फळीवर असतं, तिला प्लेफिल्ड म्हणतात, आणि खरी गंमत त्या फळीच्या पोटाखाली असते, कॉइल (वीज दिली की दांडा ओढणारी तारेची गुंडाळी), स्विच, दांडे, स्प्रिंगा, वायरींचं जंगल, जे खेळणाऱ्याला कधीच दिसत नाही. मी प्लायच्या जागी काचेसारखं आरपार प्लास्टिक म्हणजे अ‍ॅक्रिलिक लावलं. एवढंच वेगळं केलंय, आणि या एवढ्याशाने दीड वर्ष खाल्लं.

प्रश्न : दादा, मी डिप्लोमा मेकॅनिकल सेकंड इयरला आहे, मला पण असंच मशीन बनवायचंय. अ‍ॅक्रिलिक घेऊ का पॉलीकार्बोनेट? दुकानदार म्हणतो पॉलीकार्बोनेटच घ्या, हातोडा मारला तरी फुटत नाही. जाडी किती घेऊ? (एक वाचक, सांगली)

अरे दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण त्याला हातोडा मारायचाय आणि तुला बॉल फिरवायचाय. पॉलीकार्बोनेट फुटत नाही हे खरं, पण ते मऊ, पटकन ओरखडे पडतात, आणि वाकतंही जास्त. शिवाय लेझर कटिंगवाल्याकडे नेलंस तर तो हात जोडेल, कारण ते लेझरखाली नीट कापलं जात नाही, करपतं, कडा तपकिरी होतात. अ‍ॅक्रिलिक लेझरवर लोण्यासारखं कापलं जातं, कड चकचकीत येते. ते ठिसूळ आहे हा त्याचा दुर्गुण, तो आपण सांभाळायचा. मी प्लेफिल्डला अ‍ॅक्रिलिक घेतलं आणि जिथे बॉल थेट येऊन आदळतो त्या छोट्या पट्ट्यांना पॉलीकार्बोनेट. आणि एक, शीट घेताना कास्ट (साच्यात ओतलेली) आहे का एक्सट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) ते विचार, कास्टच घे, एक्सट्रूडेड ड्रिल करताना लवकर वितळतं आणि नंतर चिकटवायला गेलास की तडे देतं.

जाडी १२ मिमी. मशीनच्या प्लेफिल्डचं जुनं ठरलेलं माप आहे सव्वावीस इंच रुंद आणि ४२ इंच लांब, त्या मापाची १२ मिमीची शीट पावणेआठ किलोच्या आसपास भरते, त्यावर कॉइलचं लोखंड-तांबं लटकणार, म्हणजे मधे झोल येणारच. तेवढ्याच जाडीचं प्लायवुड याच्या दुपटीने तरी ताठ असतं. म्हणून खालून दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम अँगल लांबीभर घे आणि मधे एक आडवा. आणि अँगलला शीट घट्ट आवळून टाकू नकोस, हे मी चुकलोय म्हणून सांगतोय. अ‍ॅक्रिलिक उन्हाळ्यात वाढतं, तुझ्या सांगलीत डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यात २५ डिग्रीचा फरक धरला तर ४२ इंचाला जवळजवळ दोन मिमी. बोल्टची भोकं लांबट ठेव, म्हणजे शीटला सरकायला जागा राहील.

पण खरं सांगू का, शीट आत्ता घेऊच नकोस. आधी अख्खं मशीन १२ मिमी प्लायवर कर. पिनबॉल बनवणारे लोकही आधी उघड्या लाकडावरच करतात, चित्रबित्र काही नाही, त्याला व्हाइटवूड म्हणतात. बॉल कुठून कुठे जातो, रॅम्पवर चढतो का अर्ध्यातून परत येतो, हे कागदावर कळत नाही रे, कितीही छान ड्रॉइंग काढ. प्लायवर चुकलं तर फेव्हिकॉलमध्ये भुस्सा कालवून भोक बुजवता येतं, शेजारी दुसरं पाडता येतं. अ‍ॅक्रिलिकमधलं चुकीचं भोक हे आयुष्यभराचं. माझ्या मशीनमध्ये डाव्या बाजूला असं एक भोक आहे, तीन मिमीने हुकलेलं, त्यावर गणपतीचा स्टिकर आहे आणि सगळ्यांना वाटतं मी श्रद्धाळू आहे.

उतार किती म्हणून तू विचारलं नाहीस पण विचारणारच आहेस: साडेसहा डिग्री. ४२ इंच लांबीला मागची बाजू पावणेपाच इंच वर.

प्रश्न : आम्ही इकडे बे एरियात राहतो. अलमेडाच्या पॅसिफिक पिनबॉल म्युझियममध्ये मुलांना घेऊन गेलो होतो, तिथे एक पूर्ण पारदर्शक मशीन ठेवलंय, पाहताच तुमचा लेख आठवला. पण त्याच्या आत सर्किट बोर्ड दिसलाच नाही, नुसती चाकं फिरत होती. मग स्कोअर मोजतं कोण? (एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

वा, तुम्ही मूळ पीठालाच जाऊन आलात! मला हे खूळ लागलं ते त्याच मशीनच्या व्हिडिओमुळे. ते मशीन गॉटलिब कंपनीच्या १९७६ सालच्या सर्फ चॅम्प नावाच्या मशीनवरून बनवलंय, आणि त्या काळातल्या या मशिन्समध्ये चिप नव्हतीच. सगळा हिशोब रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), सोलेनॉइड (दांडा ओढणाऱ्या कॉइल) आणि मोटरने.

तुम्ही परत गेलात तर एक करा. मुलाला खेळू द्या आणि तुम्ही खाली वाकून स्कोअर मोटर शोधा, एक छोटी मोटर असते आणि तिच्यावर खाचा असलेल्या चकत्या, त्या चकत्यांच्या कडेला पितळी पात्यांचे स्विच. बॉल ५० पॉइंटच्या टार्गेटला लागला की मशीनला पन्नास मिळवता येत नाहीत, त्याला फक्त दहा-दहा मिळवता येतात. मग एक रिले ओढला जातो, मोटर थोडी फिरते, चकतीवरच्या खाचा पात्याला पाच टिचक्या मारतात, आणि प्रत्येक टिचकीला स्कोअरचं चाक एक घर पुढे. टक टक टक टक टक. जुन्या पिनबॉलचा तो जो आवाज आहे ना, तो आवाज म्हणजे बेरीज चाललेली असते. आपली आजी बोटांच्या पेरांवर मोजायची तसंच.

मी स्वतः असं केलं नाही, मी कंट्रोलर बोर्ड वापरला, कारण रिलेचं मशीन नव्याने जुळवायला लागणारी अक्कल आणि आयुष्य दोन्ही माझ्याकडे शिल्लक नाही. पण मनात हे आहे की पारदर्शक करण्यात खरा अर्थ त्याच मशीनला, कारण तिथे विचार करतानाचं यंत्र दिसतं. माझ्यात एक हिरवा बोर्ड दिसतो आणि त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो, त्यात बघायचं काय.

प्रश्न : भाऊ, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, लोखंडात काम करून केस पांढरे झाले, पण तुमचं वाचून १० मिमी अ‍ॅक्रिलिक आणलं आणि पहिल्या तीन भोकांतच दोन तडे. एक तर ड्रिल केल्यावर तिसऱ्या दिवशी गेला, कोणी हातही लावला नव्हता! (एक वाचक, इचलकरंजी)

लोखंडाचा हात हाच घोटाळा. लोखंडाला लावायचं ड्रिल अ‍ॅक्रिलिकमध्ये स्क्रूसारखं आत ओढलं जातं, आणि पलीकडून बाहेर पडताना पापुद्रा उडवतं, तिथून तडा सुरू. तुमच्याकडे ग्राइंडर आहेच, ड्रिलच्या कटिंग धारेवर समोरून अगदी किंचित फ्लॅट मारून घ्या, म्हणजे ते कापत नाही, खरवडतं. धार मारणं नको वाटत असेल तर पायऱ्यांचं स्टेप ड्रिल घ्या. शीटखाली टाकाऊ लाकूड, क्लॅम्प करून, हवेत धरून नाही. वरचा संरक्षक कागद काढू नका. साबणाचं पाणी. थोडं दाबायचं, उचलायचं, चुरा काढायचा, परत. चुरा मोकळा आणि भुसभुशीत यायला लागला की बरोबर चाललंय, चुरा ड्रिलला चिकटून च्युइंगमसारखा झाला की तापलंय, थांबा, चहा प्या.

तिसऱ्या दिवशीचा तडा. त्याचं असं असतं की ड्रिलच्या उष्णतेने भोकाभोवती ताण बसलेला असतो, तो दिसत नाही, आणि मग कुठलं तरी निमित्त लागतं. तुम्ही पुसलं कशाने? थिनर, स्पिरिट, काच पुसायचा स्प्रे यातलं काही वापरलं असेल तर तिथेच उत्तर आहे, ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकला हे लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक केसतडे उमटतात. साधं पाणी, थेंबभर भांड्यांचं लिक्विड आणि मऊ फडकं, बाकी काही नाही. शीट ८० डिग्रीच्या आसपास काही तास तापवून हळूहळू गार केली की ताण निघतो, पण ४२ इंचाची शीट मावेल असा ओव्हन कोणाच्या घरात असतो, पावडर कोटिंगवाल्या मित्राला गाठा आणि भट्टी १०० च्या वर नेऊ नको म्हणून शेजारी उभे राहा.

आणि माझी पोळलेली जीभ: कॉइलच्या धक्क्याने नट ढिले होतात म्हणून मी प्रत्येक नटला तो निळा थ्रेडलॉकर लावला, गाडीच्या इंजिनाला लावतात तसा. रात्री लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात होतो आणि हॉलमधून बारीक टक्क असा आवाज आला, पाच मिनिटांनी परत टक्क. जाऊन बघतो तर उजव्या फ्लिपरच्या चारही भोकांतून किरणं निघाल्यासारखे तडे. तो थ्रेडलॉकर असल्या प्लास्टिकला चालत नाही हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि माहितीपत्रक आपण काय वाचतो. सात हजार शिव्या आणि नवीन शीट. नायलॉक नट वापरा, आत नायलॉनची कडी असलेले. काउंटरसंक स्क्रू तर अजिबात नको, त्याचं डोकं पाचरीसारखं भोक फाडतं, चपट्या डोक्याचा बोल्ट आणि खाली नायलॉनचा वॉशर.

चिकटवायचं असेल तर आपल्याकडचे बोर्डवाले सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडतात तेच चांगलं, खिडक्या उघड्या ठेवून आणि पंखा लावून, घरात लहान मूल असेल तर घरात नाहीच. इन्स्टंट ग्लूने कडेला पांढरी वाफ बसल्यासारखं होतं, आणि पारदर्शक मशीनवर ते जातच नाही.

प्रश्न : काका, प्लायवरचं मॉडेल झालंय, पण फ्लिपर पहिल्या दोन-चार वेळा जोरात मारतो, नंतर बटण धरून ठेवलं की कॉइल गरम होऊन वास येतो, आणि एकदा तर कॉइल चालू-बंद करणारा मॉस्फेटच गेला. ४८ व्होल्टचा एसएमपीएस पॉवर सप्लाय आहे. काय चुकतंय? (एक वाचक, नागपूर)

तुझा प्रश्न सगळ्यात भारी आणि उत्तर जरा लांब आहे, बैस.

फ्लिपरला दोन वेगळी कामं असतात. बॉल उडवायचा, त्यासाठी क्षणभर प्रचंड ताकद. आणि मग बटण दाबलेलं असेपर्यंत नुसतं वर धरून ठेवायचं, त्याला ताकद जवळजवळ लागतच नाही. आता हिशोब कर. फ्लिपर कॉइलचं मुख्य वाइंडिंग ४ ओहमच्या आसपास असतं. ४८ भागिले ४, म्हणजे १२ अँपिअर. ४८ गुणिले १२, पावणेसहाशे वॅट! तुमच्या घरातल्या इस्त्रीच्या निम्मं, अंगठ्याएवढ्या कॉइलमध्ये. क्षणभर ठीक आहे, पण तू बटण धरून बसलास की ती कॉइल म्हणजे शेगडी.

जुन्या लोकांनी यावर काय काढलं बघ, मला हे फार आवडतं. कॉइलवर दोन वाइंडिंग, एक जाड तारेचं ४ ओहमवालं, दुसरं बारीक तारेचं दीडशे ओहमच्या घरातलं, दोन्ही एकामागे एक. बारीक वाइंडिंगच्या दोन टोकांना एक पात्याचा स्विच, एरवी जोडलेला, म्हणजे करंट बारीक वाइंडिंगला वळसा घालून फक्त जाड्यातून जातो, पूर्ण ताकद. फ्लिपर वर पोचला की त्याचाच दांडा तो स्विच उघडतो, आता करंटला दोन्हीतून जावं लागतं, ४८ भागिले १५४, म्हणजे ०.३ अँपिअर, पंधरा वॅट. कोमट. ना प्रोग्रॅम ना चिप, दांडाच सांगतो की मी पोचलो, आता पुरे. त्याला एंड ऑफ स्ट्रोक स्विच म्हणतात, आणि माझ्या मशीनमध्ये लोकांना खाली वाकून दाखवायची पहिली गोष्ट हीच.

तुझी कॉइल एकाच वाइंडिंगची असणार, म्हणजे टर्मिनल दोनच. मग हे काम कोडने कर: बटण दाबलं की ३० मिलिसेकंद पूर्ण, नंतर पीडब्ल्यूएमने, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून, थोडंसंच. वीस-तीस-चाळीस करून बघ, फ्लिपर वर पोचायला किती वेळ लागतो त्यावर आहे. पायथॉन येत असेल तर मिशन पिनबॉल फ्रेमवर्क म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे सगळं फाइलमध्ये नुसतं लिहून द्यायचं असतं, पण त्याला चालणारा कंट्रोलर बोर्ड लागतो. सुरुवात आर्डुइनोवर, म्हणजे त्या छोट्या शिकाऊ कंट्रोलर बोर्डावर केलीस तरी काही बिघडत नाही.

मॉस्फेट का गेला? डायोड. कॉइल बंद करताना ती उलटा झटका देते, शेकडो व्होल्टचा, आणि तो मॉस्फेटवर जाऊन बसतो. कॉइलच्या दोन टर्मिनलवरच एक १एन४००७ लाव, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लावलास तर तो शॉर्टच होतो आणि यावेळी मॉस्फेट पहिल्याच दाबाला जाईल, तेव्हा सोल्डर करण्याआधी मल्टीमीटरवर तपास. मॉस्फेट गेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे कॉइल कायमची चालू, तू घरी नसलास तरी. म्हणून प्रत्येक कॉइलला वेगळा स्लो ब्लो (क्षणभराचा जोर सोसणारा) फ्यूज, हे ऐकच माझं. आणि आर्डुइनो हँग झाला तरी कॉइल सुटली पाहिजे, तेव्हा वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की बोर्ड आपोआप परत सुरू करणारी सोय) चालू ठेव.

दोन्ही फ्लिपर एकदम मारले तर २४ अँपिअर, तुझा एसएमपीएस दहाचा असेल तर तो मान टाकेल आणि फ्लिपर लुळा पडेल. १०,००० मायक्रोफॅराडचा, १०० व्होल्टचा कपॅसिटर सप्लायला समांतर लाव, तो क्षणभराची भूक भागवतो. पण त्यावर ४.७ किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून ठेव, नाहीतर मशीन बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राहतो आणि स्क्रू ड्रायव्हर टेकला की फटाका. रेझिस्टर असेल तर चार मिनिटांत रिकामा होतो. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं, "झालंच असेल" नाही.

प्रश्न : फॅक्टरीत जुने एम१८ चे प्रॉक्झिमिटी सेन्सर (न टेकता धातू ओळखणारे) पडून आहेत, ते चालतील का? म्हणजे वर स्विच दिसायलाच नको. (एक वाचक, चिंचवड)

"पडून आहेत" म्हणजे स्टोअरवाल्याला विचारून, असं गृहीत धरतो. चालतील, इंडक्टिव्ह सेन्सरला अ‍ॅक्रिलिक दिसतच नाही, फक्त स्टील दिसतं. पण रेंज आठ मिमी लिहिलेली असते ती चपट्या लोखंडी पट्टीसाठी, गोल बॉलला त्याहून कमी, आणि तुमची शीट १२ ची. खालून राउटरने खळगा करून वर तीन मिमी ठेवा, फ्लिपरजवळ करू नका, तिथे शीटला मार फार. सप्लाय वेगळा लागेल, आणि त्याचं आउटपुट थेट कंट्रोलरच्या पायावर देऊ नका, आधी त्याचं व्होल्टेज खाली आणा. इन्फ्रारेड सेन्सरचं मात्र नाव काढू नका, खिडकीतून ऊन आलं की चारच्या सुमाराला माझं मशीन आपोआप पॉइंट द्यायला लागायचं.

प्रश्न : काका, सगळं चालतंय, पण दिसतं भयंकर. प्लायवर होतं तेव्हा खालच्या वायरी कोणाला दिसत नव्हत्या, आता अ‍ॅक्रिलिकवर घेतलं तर माहेरच्या माळ्यासारखं दिसतंय. (एक वाचक, ठाणे)

हेच ते, ताई. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि आपण मुद्दाम मूठ उघडायला निघालोय. प्लायखाली कोणी कशाही वायरी सोडल्या तरी चालतं. इथे वायरिंग हेच चित्र आहे.

तुमचं प्लायचं मॉडेल फेकलं नाहीये ना? त्यावरून वायरी काढून टाका आणि त्याच प्लायवर, वायर जिथे वळते तिथे खिळे ठोका. प्रत्येक वायर त्या खिळ्यांमधून न्या, टोकं मापात कापा, सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, त्या फळीवर बांधून मग एकसंध उचलून अ‍ॅक्रिलिकखाली लावा. प्लास्टिकचे केबल टाय वापरू नका, त्यांची कापलेली टोकं खालून काट्यांसारखी दिसतात. मेण लावलेला दोरा घ्या. आमच्या शेजारी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले आजोबा आहेत, त्यांनी मला त्याची गाठ शिकवली, त्यांच्या नोकरीत किलोमीटरभर तरी बांधलं असेल, एका हाताने दोरा मागे नेऊन फासातून काढायचा आणि बाजूला ओढायचा, खाली नाही. मी पहिल्या दिवशी चाळीस गाठी मारल्या, त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि एकतीस सोडायला लावल्या.

कॉइलच्या जाड वायरी एका बाजूने, स्विचच्या बारीक दुसऱ्या बाजूने, एकत्र बांधू नका, नाहीतर फ्लिपर मारला की बंपरचे पॉइंट मिळतील. भाच्याला ही सोय फार आवडली होती, ते सोडा.

कडेने एलईडीची पट्टी लावायचा मोह तुम्हाला होईल, सगळ्यांना होतो. लावा, पण एक समजून. कडेने सोडलेला उजेड शीटच्या आतल्या आत परतत जातो, बाहेर पडत नाही, आणि जिथे ओरखडा असेल तिथेच फुटून चमकतो. खालच्या बाजूने लेझरने नक्षी कोरलीत तर ती अंधारात सुंदर उजळते, मी वारली बायकांची रांग कोरलीय. पण ८० ग्रॅमचा स्टीलचा बॉल महिनाभर फिरल्यावर त्याचे ओरखडेसुद्धा तेवढेच चमकायला लागतात. वर बदलता येईल अशी पातळ पारदर्शक शीट टाका, ती खराब झाली की बदलायची. मी टाकली नव्हती. आता दोन फ्लिपरच्या मधे माझ्याकडे एक छान आकाशगंगा आहे.

कोरड्या फडक्याने पुसू नका, स्टॅटिक होऊन धूळ उलट ओढली जाते. ओलसर.

प्रश्न : सासूबाई म्हणतात हा जुगार आहे, घरात नको. त्यांना काय सांगू? (एक वाचक, कोल्हापूर)

वहिनी, सासूबाईंना सांगा की न्यूयॉर्कच्या मेयरचंही हेच म्हणणं होतं. १९४२ मध्ये ला गार्डिया या मेयरने तिथे पिनबॉलवर बंदी आणली, हातोड्याने मशिन्स फोडतानाचे त्याचे फोटो आहेत. आणि तेव्हा त्याचं अगदीच चूक नव्हतं, कारण तेव्हाच्या मशीनला फ्लिपरच नव्हते, बॉल सोडायचा आणि देव पाण्यात ठेवायचे. फ्लिपर आले १९४७ मध्ये, हम्प्टी डम्प्टी नावाच्या मशीनवर, दोन्ही बाजूंना तीन-तीन. तरी बंदी राहिलीच, थेट १९७६ पर्यंत. तेव्हा रॉजर शार्प नावाच्या एका पत्रकाराने सिटी कौन्सिलसमोर मशीन मांडून खेळून दाखवलं, आणि आधी सांगून टाकलं की आता हा बॉल मी वरच्या मधल्या गल्लीतून काढणार. प्लंजर (बॉल मारायचा स्प्रिंगचा दांडा) ओढला, सोडला, बॉल मधूनच गेला. बंदी उठली.

सासूबाईंना एकदा खेळायला द्या. मशीनला धक्का मारला तर टिल्ट होऊन सगळं बंद पडतं, ते त्यांना नक्की आवडेल.

प्रश्न : बॉल कुठे मिळतो? (एक वाचक, सातारा)

बेअरिंगच्या दुकानात. एक पूर्णांक एक सोळांश इंच मागा, २७ मिमी. त्यावर गंज किंवा खड्डा दिसला की लगेच बदला, तो शीट खातो.

प्रश्न : मी ११ वर्षांची आहे. मला पण पिनबॉल करायचं आहे पण बाबा म्हणतात ४८ व्होल्ट नाही. (नाशिक)

बाबा बरोबर बोलतायत. तुला विजेची गरजच नाही. १८७१ मध्ये अमेरिकेत मॉंटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसाने स्प्रिंगने बॉल मारायचं पेटंट घेतलं तेव्हा पिनबॉलमध्ये वीज कुठे होती. बाबांना विचार, त्यांच्या लहानपणी खिळे ठोकलेला लाकडी बोर्ड मिळायचा, बॅगाटेल, स्प्रिंगने छर्रा मारायचा. तू फळी घे, खिळे, रबर बँड, गोट्या. फ्लिपरसाठी आइस्क्रीमच्या दोन काड्या एकावर एक चिकटव, मधे खिळा, मागच्या टोकाला दोरा, दोरा ओढला की काडी उडते, परत आणायला रबर बँड. आणि तुला पारदर्शकच हवं असेल तर फोटो फ्रेमच्या दुकानातून दोन-तीन मिमीचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आण, भोकं बाबांना पाडायला सांग, आणि इचलकरंजीच्या काकांचं उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखव. झालं की फोटो पाठव हं.

प्रश्न : एवढी मेहनत केलीत, पण घरात खेळतं कोण? का नुसतं शोभेला? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

टोमणा पोचला. भाचा खेळतो, बायको खेळते आणि माझ्यापेक्षा चांगली खेळते, मी बहुतेक वेळ दुरुस्ती करतो. वडील खेळत नाहीत. ऐंशी पार केलेत, बटणं पटापट दाबणं त्यांना जमत नाही, पण भाचा खेळायला लागला की ते मशीनखाली सतरंजी घालतात, उशी घेतात आणि आडवे होऊन वर बघत बसतात. बॉल त्यांच्या डोळ्यांवरून फिरतो, कॉइल खटाखट ओढल्या जातात, आणि ते कोणाशी बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात डावा स्लिंगशॉट, म्हणजे फ्लिपरच्या वरचं ते तिकोनी रबर, आपोआप फडफडायला लागला. मी दोन रात्री कोड तपासला, बोर्ड बदलला, ग्राउंड परत केले. तिसऱ्या दिवशी खालून आवाज आला, "अरे, तो पितळी पट्टीचा डावीकडचा स्क्रू बॉल गेला की हलतोय." अर्धा फेरा आवळला, बंद.